गाठी कोणाच्या, गाडी कोणाची

हिशेबी : अचलपूरच्या स्टेशनाचा इतिहास लिहायला घेतलास म्हणे. आधी एवढंच सांग, तो लिहायचा उरलाय कुठे? दर दोन-चार वर्षांनी कुठल्या ना कुठल्या पेपरात तोच लेख येतो. मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूरला, दुसरीकडे यवतमाळला निघणारी चिमुकली शकुंतला, मँचेस्टरला घडवलेलं १९२१ सालचं इंजिन, ते १९९४ च्या एप्रिलपर्यंत धापा टाकत राहिलं, वऱ्हाडचा कापूस विलायतेला न्यायला इंग्रजांनी टाकलेले रूळ, आणि शेवटी ठरलेला चटका: देश स्वतंत्र झाला तरी ही गाडी इंग्रजांचीच, आपलं सरकार अजून तिकडे रॉयल्टी भरतं! वाचणाऱ्याला थोडा राग येतो, थोडं गहिवरून येतं, आणि तो पान उलटतो. सोबत बंद तिकीट खिडकीचा आणि रुळांतून वर आलेल्या बाभळींचा फोटो. तू त्यात काय भर घालणार? आणि कोणासाठी? स्टेशन बंद पडलं म्हणून कोणी उपाशी मेलं नाही. शेजारच्या परतवाड्याहून अमरावतीला दिवसभर एसटी आहे, खासगी गाड्या आहेत. ज्याची कोणाला गरज उरली नाही त्याचा इतिहास लिहायचा, हा मला रिकामपणाचा उद्योग वाटतो.

इतिहासवेडी : भर घालायचीच नाही काका, त्यातलं बरंच काढून टाकायचंय. सुरुवात मँचेस्टरपासूनच करू. इंजिन मँचेस्टरचं होतं, कबूल. पण कापूस? १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी चालली होती, तिकडचा कापूस थांबला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे धाव घेतली हे खरं. ती झळ ताजी असतानाच १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची, म्हणजे जीआयपीची, मुख्य लाईन नागपूरला पोचली आणि १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावच्या फाट्याचं उद्घाटन करायला आला. पण आपली अचलपूरची गाडी त्या काळातली नाहीच. तिची सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी १९१० ची. तोवर लँकेशायर पुन्हा अमेरिकेच्या लांब धाग्याकडे वळलं होतं. आपल्या आखूड धाग्याचं मोठं गिऱ्हाईक होतं जपान, आणि दुसरं मुंबईच्या गिरण्या. म्हणजे अचलपूर, पथ्रोट, अंजनगावच्या जिनांमधून निघालेली गाठ परळ-लालबागला तरी उतरायची नाहीतर जहाजानं ओसाकाकडे तरी जायची. गिरणगावाच्या इतिहासात हे स्टेशन का नाही, हा माझा पहिला प्रश्न आहे. आणि ती रॉयल्टीची गोष्ट! कंपनी उभी केली मुंबईतल्या किलिक निक्सन या एजन्सी हाऊसनं. हे नाव ऐकलं की साहेबाची टोपी डोळ्यांपुढे येते, पण स्वातंत्र्यानंतर किलिक निक्सन भारतीय मालकांच्या हाती गेली. विलायतेला पैसे जातात हे वाक्य लोकांना आवडतं म्हणून टिकलंय.

हिशेबी : छान. म्हणजे लुटीचा पत्ता बदललास, लूट तीच. माल विलायतेला जावो नाहीतर मुंबईला, रूळ गाठींसाठी टाकले, माणसांसाठी नव्हे. आणि तेही किती कंजूषपणे! तू खामगावचं उदाहरण दिलंस ना, तेच पुढे ने. जलंब ते खामगाव तेरा-चौदा किलोमीटरचा फाटा. तो पहिल्यापासून मोठ्या मापाचा, म्हणून आजही चालतो. इथे मात्र अडीच फुटी रूळ, का तर फाट्यावर पैसा कमी घालायचा. त्याचा परिणाम असा की प्रत्येक गाठ मूर्तिजापूरला छोट्या डब्यातून उतरवायची, हमालाच्या पाठीवरून मोठ्या डब्यात चढवायची. वेळ गेला, मजुरी गेली, माल ओला झाला तर तक्रार कोणाकडे करायची तेही ठरलेलं नाही. ट्रक आला तेव्हा त्यानं काय केलं? जिनाच्या फाटकातून गाठ उचलली आणि थेट गिरणीच्या फाटकात टाकली. मध्ये उतरवणं नाही, चढवणं नाही. मालगाडी तिथेच मेली. पुढची कित्येक वर्षं जी धावली ती फक्त प्रवाशांची गाडी, म्हणजे मूळ हेतू संपल्यावर उरलेली. अचलपूरलाच बघ. मुंबईची फिनले मिल तिथे आणून उभी केली, गावात पुन्हा सूत निघू लागलं. पण तिचा माल आला-गेला तो रस्त्यानं. स्टेशन आपलं त्याच गावात बसून होतं. पुढे २०२० च्या लॉकडाउनमध्ये मिलही थांबली, ती गोष्ट वेगळी.

इतिहासवेडी : 'उरलेली गाडी' म्हणालात, मला नेमकी तीच हवी आहे. गाठींचा हिशोब जीआयपीच्या दप्तरात सापडेल, कंपनीच्या अहवालांत सापडेल. गाठी संपल्यावर जे चाललं त्याची नोंद कोणी ठेवली? शेवटच्या काळात या मार्गावर काय पद्धत होती ते सांगते. मधल्या स्टेशनांवर तिकीटबाबूच नाहीत. गाडी थांबली की गार्डच खाली उतरणार, तोच तिकिटं फाडणार, तोच पैसे मोजणार आणि मग हिरवा झेंडा दाखवून आपल्या डब्यात चढणार. रस्ता आडवा आला की गाडी फाटकाच्या अलीकडे थांबते. गाडीबरोबरच फिरणारा माणूस उतरतो, हातानं फाटक लावतो, दोन्हीकडच्या मोटारसायकलवाल्यांना थोपवतो. गाडी पुढे सरकते आणि पुन्हा थांबते. मागं राहिलेला माणूस फाटक उघडतो आणि चालत येऊन गाडीत चढतो. असं करत शहात्तर किलोमीटरला चार तास. तुम्ही हसाल, पण जरा बघा काका, ही कामाची रीत कोणत्या नियमपुस्तकातून आली? माणसं कमी होत गेली तसतशी उरलेल्यांनी ती बसवत नेली. एवढ्याशा मनुष्यबळावर एक आख्खा रेल्वेमार्ग चालवला. बाजाराला निघालेल्या बाया, बनोशाला उतरून दर्यापूरच्या कचेरीत जाणारा माणूस, अंजनगावची पानपिंपरी घेऊन निघालेला, मूर्तिजापूरहून मोठी गाडी पकडून मुंबईकडे मजुरीला जाणारे. एसटीच्या भाड्यापुढे इथलं भाडं काहीच नव्हतं. कंपनीनं ज्यांच्यासाठी रूळ टाकले नव्हते त्यांनी ती गाडी आपलीशी केली. शकुंतला हे नाव कोणी ठेवलं? कंपनीनं नाही.

हिशेबी : आपलीशी केली की नाइलाजानं धरली? इथे मी तुला सोडणार नाही. ज्याच्या खिशात एसटीचं तिकीट काढण्याइतके पैसे आले तो दुसऱ्या दिवसापासून स्टेशनाकडे फिरकला नाही. मास्तर, वकील, दुकानदार, आडते सगळे आधीच रस्त्यानं जायला लागले होते. गाडीत उरला तो ज्याचा वेळ कोणी मोजत नव्हतं. आणि आज शकुंतलेसाठी डोळे कोण पुसतंय? तोच मास्तर, तोच वकील. लहानपणी मामाच्या गावाला दोन वेळा बसला असेल. जी बाई दर आठवड्याला चार तास लाकडी बाकड्यावर बसून गेली, तिला विचार. तिला गाडी हवी होती की लवकर पोचायचं होतं? बार्शीच्या गाडीकडे बघ. तीही अडीच फुटीच. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं १८९७ मध्ये चालू केली, हलक्या रुळांवर जड माल कसा न्यायचा हे जगाला दाखवलं. पुढे ती पंढरपूरला गेली, लातूरला गेली, १९२७ मध्ये मिरजेला पोचली. आपल्या गाडीपेक्षा तिची कीर्ती कितीतरी मोठी. रेल्वेवर प्रेम करणारे परदेशी लोक पुस्तकं लिहितात तिच्यावर. तरी तिचं रुंदीकरण झालं तेव्हा लातूरकर रडले नाहीत. आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं तेव्हा मिरजेहून पाण्याची रेल्वे गेली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती कोणत्या रुळांवरून गेली? त्याच जुन्या मार्गाच्या रुंद केलेल्या रुळांवरून. कॅलथ्रॉपच्या खेळण्यावर ते पाणी गेलं नसतं. जुनं मोडलं म्हणून गाव जगलं. याच्यापुढे तुझी तिकीट खिडकी काय सांगणार?

इतिहासवेडी : पाण्याच्या गाडीला माझ्याकडे उत्तर नाही, आणि देणारही नाही. पण बार्शीचं नाव काढलंत ते बरं झालं. बार्शी लाईट सुद्धा खासगी कंपनीचीच होती ना? सरकारनं ती १ जानेवारी १९५४ ला विकत घेतली. दार्जिलिंगची गाडी १९४८ मध्येच घेतली होती. आपली का घेतली नाही? पेपरवाले लिहितात, राष्ट्रीयीकरणात ही विसरली. सरकारं अशी विसरत नाहीत. करारात खरेदीची वेळ ठरावीक वर्षांनी पुन्हा येत होती, आणि दर वेळी मार्ग तसाच ठेवला गेला. विसरणं एकदा होतं. दर दहा वर्षांनी विसरायचं तर त्याला कोणीतरी सही करावी लागते. त्यात आणखी एक गंमत आहे. ही गाडी कंपनीनं स्वतः कधी फारशी चालवलीच नाही. चालवायची जीआयपी, आणि उत्पन्नातला ठरलेला वाटा कंपनीला द्यायची. जीआयपीचा कारभार १९२५ मध्ये सरकारनं आपल्या हाती घेतला. पुढे १९५१ मध्ये तिची मध्य रेल्वे झाली. म्हणजे स्वातंत्र्याच्याही बावीस वर्षं आधीपासून रूळ एकाचे आणि गाडी दुसऱ्याची. मालक म्हणतो, मी चालवत नाही, मग दुरुस्ती मी का करू? चालवणारा म्हणतो, दुसऱ्याच्या रुळांवर मी पैसा का घालू? दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तसं झालं. स्लीपर कुजले, वेग उतरला, गाडी हळू झाली म्हणून माणसं गेली, आणि माणसं गेली म्हणून गाडी तोट्यात दिसली. तुम्ही म्हणता बाईला लवकर पोचायचं होतं. बरोबर. ती गाडी हळू का झाली, हाच तर इतिहास आहे.

हिशेबी : हे मात्र तू कामाचं बोललीस. पेपरातल्या लेखांत हे नसतं. पण एकदा गुन्हेगार सापडला की माणूस तपास थांबवतो, तेवढं तू करू नकोस. मालकी दुहेरी नसती तर स्टेशन वाचलं असतं, असं म्हणायचंय का तुला? देशभर बघ. ज्या छोट्या मापाच्या गाड्या पूर्ण सरकारी होत्या त्याही गेल्या. ज्या पूर्ण खासगी होत्या त्या आणखी लवकर गेल्या. शाहदरा-सहारनपूर लाईट रेल्वे खासगीच होती, दिल्लीच्या दारात, गर्दीही भरपूर. ती १९७० मध्ये बंद पडली. त्या हिशेबानं बघितलं तर तुझी शकुंतला दोघांच्या भांडणामुळेच चाळीस-पंचेचाळीस वर्षं जास्त जगली. मालकाला मोडता येईना, कारण करार. रेल्वेला सोडता येईना, कारण लोकांचा रेटा. उपाशी पाहुण्याला घालवूनही देता येत नाही, बाप्पा! मग दुहेरी मालकीनं मारलं म्हणायचं की तगवलं?

इतिहासवेडी : दोन्ही. आणि हे एका वाक्यात बसत नाही म्हणूनच लेख लिहायचाय.

हिशेबी : लिही. पण मग तुझ्या पुढच्या अडचणीकडे येऊ, आणि ती इतिहासाची नाही, आजची आहे. २०१४ नंतर गाडी कधी बंद, कधी चालू असं करत शेवटी थांबली. लोकांनी आंदोलनं केली. मागणी काय? ब्रॉडगेज करा. २०१६ मध्ये तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर रुंदीकरणासाठी सुमारे १,५०० कोटींना मंजुरी दिली, असं जाहीर झालं. पुढे काय झालं ते रुळांवर उगवलेलं दिसतंच. इकडे यवतमाळला दुसऱ्याच बाजूनं गाडी येतेय: वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब तुकडा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. म्हणजे यवतमाळला जुन्या शकुंतलेची निकड कमी झाली, तिघांतला सगळ्यात मोठा साथीदार गळाला. राहिलं अचलपूर आणि मधली गावं. आता तू मला सांग, त्या आंदोलनाच्या मंडपात तू कोणत्या बाजूला बसतेस? तिथे एका सतरंजीवर दोन जण बसलेत. एकाला छोटी गाडी जशीच्या तशी हवी, वारसा म्हणून. दुसऱ्याला अचलपूरहून थेट मुंबईची गाडी हवी. पहिल्याचं म्हणणं मानलं तर दुसऱ्याला काही मिळत नाही. दुसऱ्याचं मानलं तर वळणं सरळ होतील, फलाट मोडेल, आणि कदाचित स्टेशनच गावाबाहेर जाईल. तरी दोघं एकच घोषणा देतात.

इतिहासवेडी : मी दोघांच्या मध्ये बसते, आणि मला तिथे अवघडतं, हे खरं. पण वारसा हा शब्द तुम्ही ज्या सुरात उच्चारलात तो मला जरा खुपला. दार्जिलिंग, निलगिरी, कालका-शिमला या तिन्ही गाड्या जागतिक वारशात आहेत. माथेरानच्या गाडीची महाराष्ट्राला किती अपूर्वाई! सगळ्या डोंगरातल्या. थंड हवेला जाणाऱ्यांच्या. सपाटीवर, उन्हात, कापसाच्या काळ्या मातीतून जाणारी गाडी कोणाच्या वारशाच्या यादीत येत नाही, कारण तिच्या खिडकीतून बघायला काही नाही म्हणे. पऱ्हाटी बघायला कोण येणार? माझं म्हणणं असं, की सहलीला गेलेल्या माणसानं ठरवलेलं सौंदर्य हा वारशाचा निकष असेल तर वऱ्हाडाला वारसाच नाही. आणि कामाचा इतिहास हा निकष असेल तर माथेरानच्या आधी मूर्तिजापूरचा नंबर लागतो. तरीसुद्धा मी असं म्हणणार नाही की रुंदीकरण नको, गाडी काचेच्या पेटीत ठेवा. अचलपूरच्या पोराला रेल्वे पकडायला आज पन्नासेक किलोमीटर अमरावतीला जावं लागतं. ते मला दिसतं.

हिशेबी : मूर्तिजापूर म्हणालीस. तू सारखी अचलपूरचं स्टेशन, अचलपूरचं स्टेशन करतेस म्हणून सांगतो. तुझा इतिहास अचलपुरात सापडायचा नाही. शेवटच्या स्टेशनात काय असतं? गाडी येते, इंजिन फिरतं, गाडी जाते. खरा कारभार मूर्तिजापूरला, जिथे छोटी गाडी मोठ्या गाडीला भिडते. तिथे गाठी उतरल्या, तिथे हमाल वाकले, तिथे अचलपूरहून आलेला माणूस पहाटेपर्यंत मुंबईच्या गाडीची वाट बघत फलाटावर झोपला. दोन मापांमधलं ते चार पावलांचं अंतर, त्यात सगळा पैसा आणि सगळा वेळ गेला. तुला जुने गार्ड शोधायचे असतील तर शोध, पण हमाल आधी शोध. गार्डाला पेन्शन असते, त्याचा पत्ता कुठेतरी लिहिलेला असतो. हमालाचा नसतो.

इतिहासवेडी : म्हणजे तुम्हाला रिकामपणाचा उद्योग वाटत होता तो आता कुठून सुरू करायचा हे तुम्हीच सांगताय.

हिशेबी : मी उद्योगाला नावं ठेवली, कष्टाला नाही. आणि अजून माझा शेवटचा प्रश्न राहिलाच आहे. समज, तू सगळं शोधलंस. हमाल सापडले, अहवाल सापडले. आणि आकडे असं सांगू लागले की गाठी गेल्यानंतर या मार्गाला स्वतःच्या पायावर उभं राहणं कधीच जमलं नव्हतं. भाडं दुप्पट केलं असतं, रूळ नवे टाकले असते, तरी नाही. इकडे पोरं उपोषणाला बसलीत, निवेदनं चाललीत. तेव्हा तू ते छापशील? का म्हणशील, आत्ता नको, मागणी मान्य होऊ दे? मी विचारतो कारण गावाचा इतिहास लिहिणारे शंभरातले नव्वद जण गावाचं निवेदनच लिहीत असतात.

इतिहासवेडी : छापेन. पण त्याच पानावर आणखी एक गोष्ट छापेन. नव्या मार्गाचं सर्वेक्षण करताना रेल्वे विचारते, इथून किती प्रवासी मिळतील, किती माल मिळेल, पैसा किती टक्क्यांनी परत येईल. जिथे गाडी आधी हळू केली, मग थांबवली, तिथला आकडा काय येणार? इथली संत्री ट्रकनं जातात म्हणून मालाच्या रकान्यात संत्री नाहीत. माणसं बसनं जातात म्हणून प्रवाशांच्या रकान्यात माणसं नाहीत. तुमचा हिशोब खोटा नाही काका, फक्त तो गाडी बंद पडल्यावर मांडलाय. १९१० मध्ये कंपनीनं हिशोब मांडला तेव्हा तिनं धावत नसलेल्या गाडीचे प्रवासी मोजले नव्हते. शेतातला कापूस मोजला होता, आणि उद्या तो आपल्याकडे येईल असं धरलं होतं. नफेखोर म्हणतो आपण त्यांना, पण एवढा उधार विश्वास त्यांनी या मुलखावर टाकला होता.

हिशेबी : कापसावर टाकला होता, मुलखावर नाही. आणि आज रूळ टाकायला निघालेल्यानं कशावर टाकायचा? संत्र्यावर? मुंबईला जाणाऱ्या मजुरावर? मजूर हा माल धरला तर ते सर्वेक्षण पास होईलही. मग त्या गाडीला काय म्हणशील, विकास की निर्यात?

इतिहासवेडी : त्या मजुराला विचारीन.

हिशेबी : विचार. पण तो मूर्तिजापूरला थांबलेला नाही. तो केव्हाच बसनं गेला.